कॅल्शिअमचा रिपोर्ट नॉर्मल, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : डॉक्टर, मला सहावा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. मागच्या तपासणीत बीपी 136/86 आलं, लघवीत प्रोटीन नव्हतं. सरकारी दवाखान्यातून कॅल्शिअमच्या गोळ्या मिळाल्यात रोज दोन, पण बाहेरच्या लॅबमध्ये कॅल्शिअम 8.9 म्हणजे नॉर्मल आलं म्हणून मी त्या बंद केल्या, तशाही घशाखाली उतरत नाहीत. सासूबाईंनी माझं मीठ तोडलंय. माझ्या जावेला बीपी वाढल्यामुळे बाळंतपणात मॅग्नेशिअमची इंजेक्शनं द्यावी लागली होती, तर मी आत्तापासूनच मॅग्नेशिअमच्या गोळ्या सुरू करू का?

उत्तर : ताई, कॅल्शिअम आजच परत चालू करा. तुमच्या रिपोर्टने तुम्हाला फसवलंय. रक्तातलं कॅल्शिअम शरीर काहीही करून एका पातळीला धरून ठेवतं, जेवणातून कमी आलं की हाडांतून काढतं. गल्ल्यात रोज तेवढेच पैसे दिसतात कारण मागे कुणीतरी एफडी मोडतंय, असं समजा. हाडांतून कॅल्शिअम काढायला जे हार्मोन वाढतं त्याच्यामुळेच रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शिअम जास्त शिरतं, त्या आवळतात आणि बीपी चढतं, असं मानतात. म्हणजे खाणं कमी पडलं की नको तिथे कॅल्शिअम जास्त, उलटंच सगळं!

ही शंका आधी आली ती ग्वाटेमालातल्या माया बायकांमुळे. गरिबी असूनही त्यांच्यात गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके कमी, आणि त्या मका चुन्याच्या पाण्यात भिजवून खायच्या. 1980 मध्ये हा धागा मांडला गेला. (म्हणून लगेच चुन्याची डबी उघडू नका, तोंड भाजेल आणि माप काहीच कळणार नाही.)

दोन गोळ्यांत मिळून 1 ग्रॅम होतं, ते पुरेसं आहे. बेंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी 11,000 पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासात, 2024 साली छापून आलाय तो, रोज 500 मिलिग्रॅम घेणाऱ्यांना 1500 वाल्यांपेक्षा प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराचा, धोका जास्त नव्हता. गोळी जेवणानंतर घ्या, आयर्नच्या गोळीसोबत अजिबात नाही, दोघींत किमान दोन तासांचं अंतर हवं. उतरतच नसेल तर चघळायची मागून घ्या. नाचणीची भाकरी, दूध, ताक चालू ठेवाच, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

जावेला दिलं ते मॅग्नेशिअम सल्फेट, ते कमतरता भरायला नसतं, झटके टाळायला किंवा थांबवायला असतं. त्याने झटक्यांचा धोका निम्म्याने कमी होतो हे 2002 मध्ये मोठ्या अभ्यासातून दिसलं. पण ते देताना गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास, लघवी सगळं बघत बसावं लागतं, म्हणून दवाखान्यातच. मॅग्नेशिअमच्या गोळ्या खाऊन बीपी टळतं असा भक्कम पुरावा नाही, पैसे वाचवा.

मिठाचं म्हणाल तर, तोडल्याने हा आजार टळत नाही. सासूबाईंना सांगा डॉक्टरांनी नेहमीचं जेवण सांगितलंय, लोणचं-पापड जरा बेताने.

तुमचं बीपी 140/90 च्या खाली आहे खरं, पण या महिन्यांत ते एरवी थोडं उतरलेलं असतं, म्हणून मी पुढच्या तारखेची वाट बघणार नाही. आठवड्याच्या आत परत मोजून घ्या, लघवीही तपासा. मध्येच डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं झालं, बरगडीखाली दुखलं, चेहरा-हात एकदम सुजले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची ओपीडी बघू नका.