‘भग्नाकृती’ म्हणावे का?

फोंडा येथील एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी पट्टी-पेन्सिलीने कागदावर काढलेले फ्रॅक्टल, म्हणजे ज्यांच्या लहान भागातही पूर्ण आकृतीचीच घडण पुन्हा दिसते अशा आकृत्या, मांडायचे आहेत, तर फलकावर ‘भग्नाकृती’ हा शब्द लिहावा का.

व्युत्पत्ती पाहिली तर या शब्दात चूक काढता येणार नाही. गणिती बेन्वा मांडेलब्रो यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द लॅटिन ‘फ्रॅक्टस’वरून घडवला, ‘फ्रॅक्टस’ म्हणजे मोडलेला, आणि ‘भञ्ज्’ धातूपासून झालेल्या ‘भग्न’चाही अर्थ तोच. तरीही मी हा शब्द वापरणार नाही. ‘भग्न’ म्हटले की आपल्याला पडक्या वास्तूचे अवशेष किंवा पूजेतून काढून विसर्जित केलेली मूर्ती आठवते, आणि येथे तर नेमके उलटे आहे: आकृतीचा इवलासा भाग मोठा करून पाहिला तरी त्यात मूळचीच घडण सापडते.

‘अपूर्णमितीय’ हा शब्द गणिताच्या अधिक जवळचा आहे. रेषाखंड तिप्पट केला तर त्यात मूळ मापाचे तीन तुकडे बसतात (३ चा पहिला घात, म्हणून मिती १), चौरसाची बाजू तिप्पट केली तर नऊ चौरस (३ चा दुसरा घात, म्हणून मिती २). स्वीडिश गणिती हेल्गे फॉन कॉक यांनी १९०४ मध्ये मांडलेली वक्ररेषा तिप्पट केली तर मात्र चार, म्हणून तिची मिती १ आणि २ यांच्या मध्ये, सुमारे १.२६ येते. पण फलक वाचणारा पालक ‘अपूर्ण’ या शब्दापाशीच अडखळेल आणि मुलांचे काम अर्धवट राहिले असे समजेल.

माझ्या मते नाम म्हणून ‘फ्रॅक्टल’च ठेवावे आणि त्याचा गुण सांगण्यासाठी ‘स्वसमरूप’ हे विशेषण जोडावे, कारण समरूप त्रिकोण मराठीतून भूमिती शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. केवळ ‘स्वसमरूप’ मात्र पुरेसे नाही. साधा रेषाखंडही स्वसमरूप असतो.

आणखी एक शब्द मी आग्रहाने सुचवेन, तो म्हणजे ‘पायरी’. खरा फ्रॅक्टल अनंत पायऱ्यांचा असतो, कागदावर उतरते ती त्यातली एखादीच. कॉकचा हिमकण काढताना दर पायरीला प्रत्येक बाजूच्या मधल्या तिसऱ्या भागाच्या जागी बाहेर टोक काढलेला कोन येतो, म्हणजे एका बाजूच्या चार होतात. २७ सेंमी बाजूच्या समभुज त्रिकोणापासून तो काढू लागलो, तर पहिल्या पायरीला ९ सेंमीच्या १२ बाजू होतात, दुसऱ्या पायरीला ३ सेंमीच्या ४८ आणि तिसऱ्या पायरीला १ सेंमीच्या १९२. पाचव्या पायरीला बाजू जेमतेम १.१ मिमी उरते आणि पेन्सिलीचे टोकच जाड पडू लागते. पावसाळ्यात आपल्याकडे चिऱ्यांच्या गडग्यांवर उगवणाऱ्या नेच्याचे पानही दोन-तीन पायऱ्यांपर्यंतच स्वतःची नक्कल करते.

क्रियापदाविषयीही थोडे. ‘रेखाटणे’ यात झरझर ओढलेल्या रेषांची छटा आहे. येथे प्रत्येक बाजू मोजून तिचे तीन समान भाग करायचे, मधला खोडायचा आणि त्या जागी कोन उभारायचा असतो, तेव्हा ‘आखणे’ हेच योग्य. चित्राखाली असे लिहिता येईल: ‘कॉकचा हिमकण, स्वसमरूप फ्रॅक्टल; तिसरी पायरी, १९२ बाजू; हाताने आखलेला.’