लेकीला ओढ तळ्याची, आमच्या गावाची का नाही?

ऑगस्ट संपून शाळा-कॉलेजं सुरू झाली की टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी आईवडिलांकडून एक तक्रार माझ्याकडे, समुपदेशक म्हणून, हमखास येते. माणसं बदलतात, दुखणं तेच असतं. मुलांना लहानपणी उन्हाळी कॅम्पला पाठवलेलं असतं, उत्तरेला अल्गॉन्क्विन, मस्कोका किंवा हॅलिबर्टनकडच्या एखाद्या तळ्यावर. पोहायला शिकतील, चार मुलांत मिसळतील, एवढाच हेतू. आता ती वीस-बावीस वर्षांची झाली आहेत आणि त्यांचा जीव त्या तळ्यात अडकलाय. सुट्टी तिथे, मैत्री तिथली, नोकरीची सुट्टी शिल्लक ठेवायची तीही तिथल्यासाठी. भारतात चल म्हटलं की कारणं पुढे येतात. मग आईवडील विचारतात, "आमच्या गावाचं यांना काहीच कसं वाटत नाही?"

माझं उत्तर एका कुटुंबाच्या आधारे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि अनेक भेटींतलं मोजकंच घेतलंय.

वडील ठाण्यात वाढलेले, आजोळ राजापूरजवळ. आई पुण्याची. मुलगी विसाव्या वर्षात. नवव्या वर्षी पहिल्यांदा दोन आठवडे कॅम्पला गेली, मग दरवर्षी महिनाभर. सोळाव्या वर्षी तिथेच उमेदवारी केली आणि आता लहान मुलांना कनू (वल्ह्याने चालवायची निमुळती नाव) शिकवते. त्या वर्षी जुलैत आजीच्या पंच्याहत्तरीला गावी जायचं ठरलं. मुलगी म्हणाली, "जुलै-ऑगस्ट मी तळ्यावर असते, तुम्हाला माहितीये." त्यानंतर घरातलं बोलणं कामापुरतं उरलं.

पहिल्या भेटीत वडील म्हणाले, "पैसे भरून आम्हीच आमची मुलगी दुसऱ्याला दिली." आई वेगळंच बोलल्या. "पहिल्यांदा सोडायला गेलो तेव्हा ती रडली नाही. वळून बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

आईंचं वाक्य मी बाजूला ठेवून दिलं, कारण त्याचं उत्तर आधी द्यायचं नव्हतं.

मुलीला एकटीला भेटले. तिला म्हटलं, तळ्याबद्दल सांग, पण 'मस्त', 'शांत', 'सुंदर' हे शब्द वापरायचे नाहीत. हातापायांनी काय केलंस तेवढंच सांग. ही अट मी नेहमी घालते. विशेषणं कुणाचीही असू शकतात, हातापायांची आठवण ज्याची त्याची असते.

ती थांबेचना. पहिल्या दिवशीची पोहण्याची परीक्षा. चहाच्या रंगाचं पाणी, तळ दिसत नाही. वरचा थर कोमट आणि पाय खाली सोडले की एकदम गार. पहिल्या वर्षी कनू सरळ जाईचना, नुसती गोल फिरायची. मागे बसणाऱ्याने वल्हं मागे ओढल्यावर शेवटी मनगट वळवून, वरच्या हाताचा अंगठा खाली करून पाणी हलकेच बाहेर ढकलायचं असतं, मगच नाव सरळ राहते. हे तिला दुसऱ्या उन्हाळ्यात जमलं. मग दोन तळ्यांमधल्या पायवाटा. सोळा फुटी लाकूड-कॅनव्हासची कनू तीसेक किलोंची. ती उलटी करून मधली आडवी पट्टी खांद्यांवर घ्यायची आणि दगड-मुळांवरून चालायचं. दोन्ही हात कडांना धरलेले, त्यामुळे कानाभोवती घोंघावणाऱ्या माश्या हाकलता येत नाहीत. तेराव्या वर्षी ती एकटीने कनू घेऊन सलग चालली. रात्री लून ओरडायचे. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, लाल डोळ्यांचा हा पक्षी थंडीत समुद्रावर जातो आणि बर्फ वितळलं की तळ्यांकडे परततो. १९८७पासून कॅनडाच्या डॉलरच्या नाण्यावर तोच आहे. "पहिल्या रात्री मला वाटलं कुणीतरी रडतंय," ती म्हणाली, "आता तो ओरडल्याशिवाय झोप पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही."

पुढच्या भेटीला तिघं एकत्र. मी वडिलांना तोच प्रश्न विचारला, त्याच अटीवर: राजापूर, पण हातापायांनी.

ते आधी अवघडले. मग म्हणाले, पाठीला डबा बांधून मामेभावाने विहिरीत ढकललं. दुपारी मोठी माणसं माजघरात आडवी झाली की पोरं बागेत पसार. करवंदांनी बोटं चिकट. रातांबे फोडून हात लाल. पहाटे झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवायचे, देठ ठेवून, कारण देठाचा चीक सालीवर ओघळला तर डाग पडतो. मग पेंढ्यात अढी घालायची आणि रोज चाचपून बघायची. आजीने सगळ्यांना कामं वाटलेली. शाळा संपली की रात्रीची एसटी धरायची आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात परत यायचं. पहिली ते दहावी, एकही मे महिना चुकला नाही.

मुलगी वडिलांकडे बघत होती. यातलं बरंच तिने पहिल्यांदा ऐकलं. मग ती म्हणाली, "बाबा, तू हे सगळं केलंस. मी गावाला गेले की मला खुर्ची देतात."

वडिलांना कळलं नाही. "म्हणजे?"

"खुर्ची. पडवीत प्लॅस्टिकची खुर्ची आणतात, पुसतात, बसवतात. सरबत देतात. मग सगळे बघत बसतात. तळ्यावर गेले की मला कनू उचलायला लावतात."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये शब्द टाकू नये, हे मला इतक्या वर्षांच्या कामाने पक्कं शिकवलं आहे. वडील बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला आजीने कधी खुर्ची दिली नाही. खराटा दिला."

त्या वाक्यात आमचं अर्धं काम झालं. त्यांना उमगलं ते असं: लेकीला तळ्याची जी ओढ आहे ती त्यांना राजापूरची आहे तीच, आणि ती लागायची कारणंही तीच. दरवर्षी एकच जागा, तोच हंगाम, सलग मुक्काम. आईवडील नजरेआड. दोन-चार वर्षांनी मोठं पोर शिकवणारं. अंगावर पडलेलं खरं काम. थोडा त्रास, म्हणजे गार पाणी, माश्या, विंचवाची भीती. आणि मागच्या वर्षी जमलं नाही ते यंदा जमल्याचा आनंद. सहा ते बारा-तेरा या वयात मुलाला हे जिथे मिळतं ती जागा जन्मभराची होते. निसर्ग किती देखणा आहे याचा वाटा माझ्या मते आपण समजतो त्याहून बराच कमी आहे.

या मुलीला गावात काय मिळालं होतं? कॅनडातल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे आंबे संपलेले, समुद्र खवळलेला, विहीर काठोकाठ भरलेली म्हणून मुलांना तिकडे जायची बंदी. तीन आठवड्यांत ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि मध्ये राजापूरला दीड दिवस. त्या दीड दिवसात पाऊस आणि खुर्ची. ओढ लागायला तिथे तिच्या हातून काही घडलंच नव्हतं.

या कॅम्पांनी ही गोष्ट ठरवून केली आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १८६१ साली एका शाळाचालकाने मुलांना तंबूत राहायला नेलं, १८८१ साली न्यू हॅम्पशायरच्या स्क्वॉम तळ्यावर मुलांचा कॅम्प सुरू झाला. अल्गॉन्क्विन पार्क १८९३चं. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅश लेकवर मुलींसाठी आणि १९२१ साली कनू लेकवर मुलांसाठी कॅम्प निघाले. शहरात वाढणाऱ्या मुलांच्या हाताला काम आणि अंगाला हवा मिळावी ही त्यामागची तळमळ. आज तिथे आलेल्या मुलांचे आईवडील, कधी आजोबासुद्धा, त्याच तळ्यावर वाढलेले असतात. (ही तळी त्याआधी हजारो वर्षं अनिशिनाबे या इथल्या मूळ रहिवाशांची आहेत, कनू हे त्यांचंच कसब. जुन्या कॅम्पांनी त्यांची वेशभूषा आणि विधी यांची नक्कल केली, आता अनेकांनी ती बंद केली. पाठवण्याआधी मुलांना हे सांगावं.)

आता आईंचं वाक्य. माझी बैठक आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणारे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या विचारांची. एन्सवर्थबाई तर टोरांटोतच वाढल्या आणि शिकल्या. मायेची जागा पक्की असेल तर मूल तिच्यापासून दूर जायला धजतं, हा त्या विचाराचा गाभा. मी आईंना म्हटलं, "तिने वळून बघितलं नाही, कारण तुम्ही तिथेच असणार याची तिला खात्री होती. जे मूल मागे वळून वळून बघतं त्याच्या मनात बऱ्याचदा शंका असते." आई रडल्या. मुलगी म्हणाली, "आई, रात्री दिवे मालवले की मी रोज रडायचे. पहिले चार दिवस. मग तुझं पत्र यायचं."

अकरा वर्षं त्या दोघी हे एकमेकींना बोलल्या नव्हत्या.

हे वाचणाऱ्यांत लहान मुलांचे आईवडील असतील, म्हणून पाठवणीबद्दल थोडं. आठ-नऊ वर्षांआधी घाई नको. आधी दोन-तीन रात्री स्नेह्यांकडे राहू द्या, मधे फोन न करता. फक्त तरणतलावात पोहलेलं मूल तळ दिसेनासा झाला की घाबरतं, तेव्हा जूनच्या शेवटी एकदा खऱ्या तळ्यात उतरवा. "नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ" हे वचन देऊ नका. मग मूल रमायचं सोडून तुमची वाट बघत बसतं. घरची आठवण पहिल्या काही दिवसांत, दुपारच्या विश्रांतीला आणि निजताना जास्त येते, कारण हात रिकामे असतात. पत्र छोटं लिहा, तिथलं विचारा. इथे कुणाच्या वाढदिवसाला काय मजा आली ते लिहू नका. सलग काही दिवस जेवण किंवा झोप नसेल तर मात्र कॅम्पच्या प्रमुखांशी बोला. शाकाहारी असल्यास स्वयंपाकघराला आधीच कळवा. ट्रंकेत चकल्या-लाडू भरू नका, खोलीत खाणं ठेवलं की उंदीर आणि रॅकून येतात, कधी अस्वलही. बहुतेक कॅम्पांत त्याला मनाई असते.

परत आल्यावर आठ-दहा दिवस मूल चिडकं, गप्प राहतं. घर आवडेनासं झालं असा त्याचा अर्थ काढू नका. झोपू द्या, त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, आणि "कसं होतं?" ऐवजी "गाठ कशी बांधतात, दाखव" असं म्हणा.

मग या कुटुंबाने काय केलं? पंच्याहत्तरीचा दिवस हलवता येत नव्हता. मुलगी जुलैत गेली नाही, आणि वडिलांनी ते मान्य केलं. पण विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात आणि कॅम्पचं कर्मचारी-प्रशिक्षण जूनच्या मध्यावर सुरू होतं, हे कॅलेंडर तिघांनी माझ्यासमोर मांडून बघितलं. मधे सहा आठवडे. पुढच्या मे महिन्यात ती एकटी राजापूरला गेली. वडिलांनी मामेभावाला फोनवर बजावलं की हिला खुर्ची द्यायची नाही. तिने आंबे उतरवले, पेट्या भरल्या, चीक उडून हातावर फोड आणले आणि बागेतल्या गड्याकडून झेला धरायला शिकली. सप्टेंबरमध्ये, कॅम्प रिकामा झाल्यावर, वडील तिच्याबरोबर तळ्यावर गेले. कनूत पुढे बसले, कारण नाव वळवायची ती मागच्याने.

तिला राजापूर तळ्याइतकं प्रिय झालं असं मी म्हणणार नाही. विसाव्या वर्षी लागलेली ओढ नवव्या वर्षीच्या ओढीची बरोबरी क्वचितच करते. पण पुढच्या वर्षी ती आपणहून तिकीट बघत होती.

शाळकरी मुलांना मे मिळत नाही, त्यांचा जुलैच. तरी हरकत नाही, कोकणात जुलै हा लावणीचा महिना. सगळे नातेवाईक एकाच फेरीत उरकायचा हट्ट सोडा आणि एका गावात किमान दोन-तीन आठवडे सलग राहा. मुलांना चिखलात उतरू द्या, रोपांच्या मुठी पोचवू द्या, रात्री मोठ्या भावंडांबरोबर बॅटरी घेऊन कुर्ल्या पकडायला जाऊ द्या, टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या ओळखून खुडू द्या. पुढच्या वर्षी तेच गाव, तेच घर, तेच शेत. उतरवताना पायाला जखम नाही ना बघा, कारण शेतातल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) संसर्ग होतो. निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगून सल्ला घ्या आणि तिथे ताप आला तर चिखलात काम केल्याचं पहिल्यांदा सांगा. गमबूट इथून नेऊ नका, तालुक्याच्या बाजारात मिळतात. एक माप मोठे घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच ठेवलेले पायात येतील.