पंधरा सेल चांगले, एकच मागं, मग पूर्ण बॅटरी बदलायची का?

प्रश्न : परभणीत प्रवासी ई-रिक्षा चालवतो. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), 51.2 व्होल्ट, 100 एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता). उन्हाळ्यापासून मीटरवर 25 टक्के दिसत असतानाच गाडी गपकन बंद पडायलीय. मिस्त्रीनं पॅक खोलून मोजलं तर 15 सेल 3.25 च्या आसपास अन् एक 2.6. तो म्हणायलाय सेल अनबॅलन्स झालेत, बॅटरीच बदला. एवढा खर्च झेपत नाही हो. बॅलन्सिंगनं भागंल का?

उत्तर : दादा, बॅटरी लगेच बदलू नका, आधी तो एक सेल तपासा. तुमचे 16 सेल सिरीजमधे, म्हणजे एकामागं एक जोडलेले आहेत, सगळ्यांतून करंट तेवढाच जातो, मग ज्याच्यात चार्ज कमी तो आधी संपतो आणि तो अडीच व्होल्टच्या आसपास आला की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) गाडी बंद करतं, बाकी पंधरात चार्ज शिल्लक असला तरी.

बॅलन्सिंग म्हणजे सगळ्या सेलचा चार्ज सारखा करणं. त्यासाठी बहुतेक बीएमएस आधी भरलेल्या सेलचा जादा चार्ज रेझिस्टरमधून जाळून बाकीच्यांना वर यायला वेळ देतं. हा करंट लई बारका, समजा 100 मिलीअँपियर, तर 8 एएचचा फरक मिटायला 80 तास लागतात! आणि तेही चार्जिंगच्या शेवटीच, कारण एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, 40 टक्के कोणता अन् 60 कोणता हे त्यावरून नीट कळतच नाही, 3.4 च्या वर गेल्यावर फरक उघडा पडतो. आपल्याकडं रात्री लाईट जाते, सकाळी धंद्याची घाई, 90 टक्क्याला प्लग काढला की त्या दिवशी बॅलन्सिंग झालंच नाही, असं महिनोन् महिने चाललं की फरक साठत जातो.

वॉरंटी बाकी असेल तर सरळ डीलरकडं जा. नसेल तर तो सेल एकटा 3.65 पर्यंत भरून घ्या, अॅक्टिव्ह बॅलन्सर (जादा चार्ज न जाळता कमी असलेल्या सेलमधे ढकलणारं सर्किट) लावून सगळे एका पातळीला आणा, मग गाडी चालवून बघा. सगळे सोबत उतरले तर सेल चांगलाय. तोच पुन्हा आधी पडला तर त्याची क्षमता गेलीय, ती बॅलन्सिंगनं परत येत नाही, तेवढा सेल त्याच जातीचा, त्याच एएचचा बदला. फुगलेला असेल तर चार्जच करू नका.

पुढं आठवड्यातून एकदा तरी 100 टक्के झाल्यावरही चार्जर दोन-तीन तास लावून ठेवा. आणि कुणी बीएमएस बायपास करून देतो म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा, त्यात तो कमजोर सेल उलटा चार्ज होतो आणि आग लागू शकते.