वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर बदलताना

लॅपटॉपचा जुना चार्जर गेला, आता कोणता घ्यावा, अशी पत्रे दर महिन्याला येतात. त्यातली निवडक पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरे वाचताना जुना चार्जर उलटा करून हातात धरलात तर बरे, कारण निम्मी माहिती त्याच्या लेबलवरच सापडते.

माझ्या एचपी लॅपटॉपच्या जुन्या चार्जरवर १९.५ व्होल्ट, २.३१ अ‍ॅम्पिअर असे लिहिले आहे. दुकानदार १९.५ व्होल्ट, ३.३३ अ‍ॅम्पिअरचा देतो आहे आणि ‘काही होत नाही’ म्हणतो. जास्त अ‍ॅम्पिअरने लॅपटॉप जळणार नाही ना?
— एक वाचक, सांगली

दुकानदार बरोबर सांगतो आहे. लेबलवरचा अ‍ॅम्पिअरचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढेच. किती ओढायचे ते लॅपटॉप ठरवतो. तुमचा चार्जर ४५ वॅटचा होता (व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर), नवा ६५ वॅटचा आहे. चालेल, आणि थोडा कमी तापेल.

भानगड होते ती उलट बाजूने. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला, तर तो सतत पूर्ण ताकदीवर चालतो, हात लावता येणार नाही इतका तापतो आणि काही महिन्यांत बसतो. काही लॅपटॉप तो स्वीकारतात, पण वेग कमी करून. काही चार्जच होत नाहीत.

व्होल्टच्या बाबतीत मात्र मोकळीक नाही. १९ आणि १९.५ मधला फरक बहुतेक लॅपटॉप सहज पचवतात. त्यापलीकडे प्रयोग नकोत. स्विच फिरवून १२ ते २४ व्होल्ट निवडता येणारे ‘युनिव्हर्सल’ चार्जर मिळतात, ते घेऊ नका. बॅगेत स्विच सरकला की लॅपटॉपचा बोर्ड गेला.

आता पिन. ‘बसते म्हणजे चालते’ हा हिशेब इथे चुकतो. गोल पिनला दोन मापे असतात, बाहेरचा व्यास आणि आतल्या भोकाचा व्यास. असूसच्या बऱ्याच मॉडेलची पिन ४.० × १.३५ मिलिमीटर, तर लेनोव्होच्या आयडियापॅडची ४.० × १.७. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. लेनोव्होची पिन असूसमध्ये जाते, पण आत सैल राहते. मग जरा हलले की चार्जिंग तुटते, ठिणगी पडते, सॉकेटचे प्लास्टिक वितळते आणि चार्जरच्या बचतीपायी सॉकेट बदलायची वेळ येते. ५.५ मिलिमीटरच्या पिनांमध्येही १.७, २.१ आणि २.५ असे प्रकार आहेत. तुमच्या एचपीची निळ्या टोकाची पिन असेल तर ती ४.५ × ३.०, आत मध्यभागी बारीक सुई असलेली. जुन्या एचपीची जाड पिन ७.४ × ५.० ची, आणि त्यातले कित्येक चार्जर १८.५ व्होल्टचे. ते एकमेकांत मिसळू नका.

डेलचा लॅपटॉप आहे. स्थानिक दुकानातून ‘कंपॅटिबल’ चार्जर घेतला. लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि सुरू करताना चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश येतो. शिवाय तो फार मंद झाला आहे. बॅटरी गेली का?
— एक वाचक, नाशिक

बॅटरी बहुधा ठणठणीत आहे. डेलच्या पिनच्या मध्यभागी जी सुई दिसते, तिच्यातून वीज जात नाही. ती ओळख पटवण्यासाठी आहे. चार्जरच्या आत एक छोटी चिप असते. ‘मी इतक्या वॅटचा आहे’ हे ती या सुईमार्फत लॅपटॉपला सांगते. उत्तर आले नाही तर लॅपटॉप सावध पवित्रा घेतो. चालू राहण्यापुरती वीज घेतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतो. म्हणून मंद झाला.

तपासणी अशी करा. लॅपटॉप बंद करून सुरू करा आणि सुरुवातीलाच एफ-२ दाबत राहा. सेटअपच्या पडद्यात बॅटरीच्या किंवा सर्वसाधारण माहितीच्या पानावर चार्जर किती वॅटचा ते लिहिलेले असते. तिथे ६५ किंवा ९० ऐवजी ‘अननोन’ दिसले तर ओळख पटलेली नाही. मग ऑफिसातल्या कुणाचा तरी डेलचाच, तुमच्या चार्जरइतक्या किंवा त्याहून जास्त वॅटचा आणि त्याच पिनचा चार्जर लावून पाहा. ओळखला गेला तर दोष तुमच्या नव्या चार्जरचा, तो बिनदिक्कत परत करा. तोही ओळखला गेला नाही तर लॅपटॉपचे सॉकेट पाहावे लागेल.

एक लक्षात असू द्या. अस्सल चार्जरमध्येही हाच बिघाड होतो. ओळखीची तार वीज वाहणाऱ्या तारांपेक्षा बारीक असते. पिनच्या मानेशी केबल वारंवार वाकली की आधी ती तुटते. तेव्हा मल्टिमीटर १९.५ व्होल्ट दाखवतो आणि ‘चार्जर चांगला आहे’ असा निष्कर्ष निघतो. आतल्या सुईकडेही भिंगातून पाहा. ती वाकली असेल तर जोर लावून पिन खुपसू नका, सॉकेटमधला संपर्कही मोडतो.

मुलीचा नवा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो, सोबत ६५ वॅटचा चार्जर होता, तो हरवला. माझ्या मोबाइलचा चार्जर ८० वॅटचा आहे. तो लावला तर लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ म्हणतो, आणि काम करताना बॅटरी उतरतच जाते. ८० हे ६५ पेक्षा जास्तच ना?
— एक पालक, कोल्हापूर

आकडा जास्त आहे, पण तो तुमच्या मोबाइलपुरता. मोबाइल कंपन्यांचे अतिवेगवान चार्जिंग बहुतेक त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने चालते. चार्जर आणि मोबाइल दोन्ही त्याच कंपनीचे असले तरच ८० वॅट मिळतात. लॅपटॉप बोलतो ती भाषा पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी.

चार्जरच्या लेबलवर ‘आउटपुट’च्या ओळी वाचा. पीडी चार्जरवर ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा वेगवेगळ्या ओळी असतात. तुम्हाला हवी ती ओळ म्हणजे २० व्होल्ट – ३.२५ अ‍ॅम्पिअर. २० व्होल्टची ओळच नसेल तर समोर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेले असो, लॅपटॉपला ६५ वॅट मिळणार नाहीत. आणि चार्जरचे भोक जुन्या चौकोनी यूएसबीचे असेल तर विषयच मिटला. त्या केबलमधून पीडी जातच नाही.

नवा घेताना एकापेक्षा जास्त भोकांच्या चार्जरमध्ये एक बारकावा पाहा. ‘६५ वॅट’ हे एकच भोक वापरले तर. दुसऱ्यात मोबाइल लावला की बहुतेक चार्जर वाटणी करतात, उदाहरणार्थ ४५ आणि २०. वाटणी करताना क्षणभर चार्जिंग तुटते आणि पुन्हा जोडले जाते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मोबाइल आणि लॅपटॉप एकाच ठोकळ्यावर चालवायचे असतील तर १०० वॅटचा घ्या आणि वाटणीचा तक्ता खोक्यावर वाचूनच पैसे द्या.

आता केबल. लोक पाच हजारांचा चार्जर घेतात आणि ड्रॉवरमधली मिळेल ती केबल लावतात. साधी टाइप-सी केबल ३ अ‍ॅम्पिअरपर्यंतच चालते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे जायचे तर केबलच्या टोकात ‘ई-मार्कर’ नावाची चिप लागते, जी ‘मी ५ अ‍ॅम्पिअर झेपवू शकते’ असे चार्जरला कळवते. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० वॅटवर थांबतो. ६५ वॅटला ३.२५ अ‍ॅम्पिअर लागतात, म्हणजे तिथेही नियमाने चिपवाली केबल हवी. दुकानात ‘फास्ट चार्जिंग केबल द्या’ म्हणू नका, ‘१०० वॅट किंवा २४० वॅट, ई-मार्कर असलेली, दोन्ही टोकांना टाइप-सी’ असे म्हणा. यूएसबी संघटनेने प्रमाणित केलेल्या केबलवर ६० किंवा २४० वॅटचे चिन्ह असते. २४० वॅटची व्यवस्था २०२१ मध्ये आली. तिच्यात २८, ३६ आणि ४८ व्होल्टचे टप्पे वाढले. ती केबल तुमच्या ६५ वॅटलाही बिनधास्त चालेल.

चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जाड केबल माहितीच्या बाबतीत अगदी संथ असतात, सेकंदाला ४८० मेगाबिटच्या. चार्जिंगला त्याने फरक पडत नाही, पण त्याच केबलने मॉनिटर जोडायला गेलात तर पडदा काळाच राहील.

मॅकबुक असेल तर चार्जर प्रत्यक्षात किती वॅट म्हणून ओळखला गेला ते ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘पॉवर’खाली कळते. विंडोजवाल्यांनी केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर घ्यावा. बॅटरी अर्धी उतरलेली असताना मोजा. भरत आलेली बॅटरी कमीच ओढते आणि चांगला चार्जरही उगाच बदनाम होतो.

माझ्या लॅपटॉपला गोल पिनही आहे आणि टाइप-सीचे भोकही. टाइप-सीने चार्ज करू का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

प्रत्येक टाइप-सी भोक वीज आत घेत नाही. काही फक्त माहितीसाठी असतात. भोकाशेजारी बॅटरीचे किंवा प्लगचे चिन्ह असेल तर आशा आहे. नुसत्या विजेच्या बाणावर जाऊ नका, ते थंडरबोल्टचे, म्हणजे वेगवान माहिती-जोडणीचे चिन्ह असू शकते. मॉडेल नंबरवरून कंपनीची माहितीपुस्तिका उघडून ‘पॉवर डिलिव्हरी’ हा शब्द शोधा. गेमिंगचा लॅपटॉप असेल तर टाइप-सीवर लिखाण-वाचन होईल, पण गेम सुरू केला की बॅटरी उतरू लागेल. त्यांचे स्वतःचे चार्जर १८० ते ३३० वॅटचे असतात.

चार्जर लावला की टचपॅडवर कर्सर नाचतो आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकले की झिणझिण्या येतात. चार्जर काढला की सगळे ठीक. लॅपटॉपमध्ये शॉर्ट आहे का?
— एक वाचक, चिपळूण

शॉर्ट असण्याची शक्यता कमी. अर्थिंग नसण्याची शक्यता जास्त. चार्जरच्या आत विद्युत गोंगाट दाबण्यासाठी एक कपॅसिटर असतो. त्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह बाहेरच्या बाजूला येतो आणि तीन पिनांच्या चार्जरमध्ये अर्थच्या तारेने जमिनीत जातो. ती वाट बंद असली की तो लॅपटॉपच्या अंगावर राहतो. तुम्ही मनगट टेकवता तेव्हा तुमच्यातून जातो. दोन पिनांच्या टाइप-सी चार्जरवर, धातूच्या लॅपटॉपला हलक्या झिणझिण्या येतात, तो बिघाड नव्हे. स्वस्तातला चार्जर असेल तर गोंगाट इतका होतो की टचपॅडला बोट कुठे आहे तेच कळत नाही.

आधी भिंतीपासून चार्जरपर्यंतची केबल पाहा. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा प्लग किंवा कन्व्हर्टर लावला आहे का? असेल तर तो काढा. मग वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट यायला हवेत. नुसत्या मीटरवर विसंबू नका. तुटक्या अर्थिंगवरही तो काहीतरी आकडा दाखवतो. वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहतो. घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, आणि ते योग्यच आहे. ही तपासणी स्वतः करू नका.

आणि ‘न्यूट्रलवरूनच अर्थ देतो, काम होतं’ असे कुणी म्हणाले तर साफ नकार द्या. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्या सॉकेटवरच्या प्रत्येक धातूच्या वस्तूत २३० व्होल्ट येतील.

मुलाने अमेरिकेहून लॅपटॉप पाठवला. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल का?
— एक वाचक, ठाणे

चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ’ छापलेले असेल तर नाही. फक्त भिंतीकडची केबल बदला. तिथल्या प्लगवर १२५ व्होल्टची मर्यादा असते, म्हणून कन्व्हर्टर ठोकून तीच वापरू नका. चार्जरकडचे तोंड पाहा. तीन गोल भोकांचे तिपानी तोंड की इंग्रजी आठच्या आकाराचे? तशीच, आयएसआय चिन्हाची, आपल्या गोल पिनांच्या प्लगची केबल घ्या.

अस्सल आणि डुप्लिकेट ओळखायचे कसे?
— अनेक वाचक

भारतात लॅपटॉपच्या चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ब्युरोचे चिन्ह आणि रोमन ‘आर’पुढे आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाका आणि आलेला ब्रँड, उत्पादक आणि वस्तूचा प्रकार लेबलशी जुळतो का पाहा. क्रमांक खरा, पण दुसऱ्याच कंपनीचा किंवा मोबाइलच्या बॅटरीचा, असाही प्रकार असतो. म्हणून नुसता ‘सापडला’ एवढ्यावर समाधान मानू नका. वजनावरून निवाडा करू नका. नवे गॅन (गॅलियम नायट्राइडचे भाग वापरलेले) चार्जर हलकेच असतात, आणि खोट्या ठोकळ्यात वजनासाठी काहीही भरता येते.

पिनजवळ केबल तुटली आहे. सोललेल्या तारा जोडून टेप मारली तर?
— एक वाचक, सोलापूर

नको. या केबलमध्ये मधली तार आणि तिच्याभोवती विणलेली जाळी असते. जाळीचा एक केस निसटून मधल्या तारेला लागला की शॉर्ट. टेप तापून सैल होतेच. ठोकळा चांगला असेल तर पिनसकट तयार केबल मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत त्या मिळतात आणि बदलूनही देतात. डेल-एचपीसाठी घेताना आत तिसरी बारीक तार आहे ना, ते विचारा. ठोकळा घरी फोडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो.

नवी केबल टिकवायची तर ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळू नका. ठोकळ्यातून बाहेर पडते तिथे बोटभर सैल वळण सोडा, मग तळहाताएवढी मोठी वेटोळी करून पट्टा लावा.