रायचौधुरी समीकरण म्हणजे काय, ते शोधणारे कोण होते, आणि कॉलेजात शिकवता शिकवता असं काम होतं का?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीकडे एका कॉलेजात दोन वर्षं फिजिक्स शिकवताय, रॉजर पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञाला २०२० चं नोबेल मिळालं त्याबद्दल वाचताना ‘रायचौधुरी समीकरण’ हे नाव भेटलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हे गृहस्थ कोण, त्यांनी नेमकं केलं काय, आणि आपल्यासारख्या मास्तराला असलं काही जमेल का, असे तुमचे तीन प्रश्न. मी संशोधक नाही. फोंड्याजवळ उच्च माध्यमिकला बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालोय. पण हे समीकरण मुलांना इतक्या वेळा फळ्यावर समजावलंय की उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

आधी समीकरणच घेऊ. आमच्या वाड्यावर दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन व्हाळात, म्हणजे ओढ्यात, होतं. एका चवथीला मी हारातली झेंडूची बारा फुलं काढून पुतण्याला गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि वीतभर रुंदीचं गोल रिंगण करून सगळी एकदम सोडायला लावली. (फुलं नंतर वेचून घेतली, कुणी रागावू नये.) चार हात गेलं नाही तोच रिंगण काकडीसारखं लांबट झालं, कारण मधलं पाणी पळतं आणि काठचं रेंगाळतं. साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, खांबापाशी ते अख्खंच गरगरलं. आणि खाली कोंडीत, जिथं पाणी वरून खाली ओढलं जातं, तिथं सगळी फुलं एकमेकांना चिकटून झुपका झाला. लहानशा रिंगणाला वाहता वाहता एवढंच करता येतं: फुगायचं किंवा आकसायचं, वेडंवाकडं व्हायचं, आणि फिरायचं. चौथं काही नाही.

आता फुलांच्या जागी दीर्घिका ठेवा. त्यांना कुणी ढकलत नाही, त्या गुरुत्वाकर्षणाच्या ओघात मोकळ्या वाहताहेत. रायचौधुरींनी विचारलं ते असं: हे रिंगण, म्हणजे खरं तर दीर्घिकांचा फुगा, ज्या दराने फुगतोय तो दर काळाबरोबर कसा बदलतो? उत्तरात चार पदं येतात. पहिलं त्या दराच्याच वर्गाचा एक तृतीयांश, उणे चिन्हाचं. दुसरं वेडंवाकडं होण्याचं, तेही वर्ग आणि तेही उणे, त्यामुळे फुगा कुठल्याही दिशेने ताणा, परिणाम आकसण्याकडेच. तिसरं फिरण्याचं, हे मात्र अधिक. गोफणीतला दगड बाहेर जाऊ बघतो तसं. चौथं पदार्थाचं: घनता आणि तिच्यात मिळवलेला तिप्पट दाब, पुन्हा उणे. मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ही की आइनस्टाइन फक्त या चौथ्या पदात येतो. पहिली तिन्ही निव्वळ भूमिती आहेत, व्हाळातल्या फुलांनाही तितकीच लागू.

आता फिरणं काढून टाका. उजवीकडे उरलं ते सगळं उणे. म्हणजे एकदा आकसायला लागलेला फुगा थांबणार नाही, आणि तीन भागिले आकसण्याचा दर एवढ्या वेळाच्या आत शून्याला टेकणार. उलट्या दिशेने पाहिलं तर आज फुगत असलेलं विश्व मागे कधीतरी एका बिंदूत होतं, आणि तेही ठरावीक मुदतीच्या आत. वहीत दोन ओळींत निघतं, स्वतः काढून बघा.

पण हे त्यांनी का काढलं, ते १९५० च्या आसपासची पंचाईत कळल्याशिवाय समजत नाही. हबल यांनी १९२९ मध्ये विश्वप्रसरणाचा जो वेग काढला होता तो दर मेगापार्सेक अंतराला (म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर असा. त्याचा व्यस्त घेतला की विश्वाचं वय येतं दोन अब्ज वर्षांच्या आत. पृथ्वीचे खडक त्याहून म्हातारे निघत होते! पोर आईपेक्षा मोठं. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये अंतरं जवळपास दुप्पट असल्याचं दाखवलं तेव्हा हा गुंता सैल झाला, सुटला नाही. तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं, दोष गणितात गृहीत धरलेल्या सममितीचा आहे. रशियन गणितज्ञ फ्रीडमन यांनी समीकरणांतून मांडलेलं विश्व सगळीकडे आणि सगळ्या दिशांना अगदी सारखं. खरं विश्व खडबडीत. ते जमेस धरलं की वयही वाढेल आणि आरंभीचा तो नकोसा बिंदूही जाईल.

रायचौधुरींनी सममिती काढून पाहिली आणि निघालं उलटंच. खडबडीतपणा दुसऱ्या पदात येतो, ते उणे असतं, त्यामुळे वय वाढण्याऐवजी घटतं. वाचवू शकतं ते फक्त फिरणं. हा पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात १९५५ साली आला. (आज वेग ७० च्या आसपास धरतात, तेव्हा व्यस्त येतो १४ अब्ज वर्षं. आणि १९९८ मध्ये प्रसरण वाढत्या वेगाने चाललंय हे कळलं तेव्हाही याच चौथ्या पदाकडे बोट गेलं: दाब पुरेसा ऋण असेल तर ते पद चिन्ह बदलतं आणि जवळ ओढायचं सोडून दूर लोटतं.)

आता माणूस. अमल कुमार रायचौधुरी, जन्म १४ सप्टेंबर १९२३, बारिसालचा, आता ते बांगलादेशात. वडील शाळेत गणिताचे मास्तर. प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी. एस्सी., कलकत्ता विद्यापीठातून १९४४ मध्ये एम. एस्सी. मग इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, म्हणजे रामन यांनी आपला शोध लावला त्याच संस्थेत, प्रायोगिक कामात चार वर्षं गेली आणि हाती काही लागलं नाही. तिथून आशुतोष कॉलेजात शिकवायला. १९५२ मध्ये परत संस्थेत, पण तिथं काम दिलं होतं धातूंच्या गुणधर्मांचं. सापेक्षता त्यांनी त्याच्या जोडीला, स्वतःच्या हिमतीवर केली. ज्या पेपरने नाव झालं तो नेमून दिलेल्या कामाबाहेरचा होता, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे डी. एस्सी.च्या परीक्षकांत जॉन व्हीलर हे सापेक्षतेतले नामवंत अमेरिकन शास्त्रज्ञ होते. १९६१ पासून ते प्रेसिडेन्सीत प्राध्यापक, आणि तिथल्या कित्येक पिढ्यांचे लाडके ‘एकेआर’.

नोबेलचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर फिरतं तसं ‘खरं नोबेल रायचौधुरींचं होतं’ म्हणणं मला पटत नाही. एक तर ते १८ जून २००५ रोजी गेले आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. फुलांचा झुपका झाला म्हणून व्हाळ संपत नाही. वाटा एका ठिकाणी भेटणं म्हणजे अवकाश-काळ तिथं तुटणं, असं नसतं. पाण्याच्या ग्लासाखाली उन्हाच्या रेषा एकवटतात तेव्हा टेबल फाटतं का? पेनरोज यांनी १९६५ मध्ये प्रकाशकिरणांसाठीचं याच धर्तीचं समीकरण घेतलं आणि ज्यातून बाहेर सोडलेला प्रकाशसुद्धा आकसतच जातो अशा बंदिस्त पृष्ठाची कल्पना आणली. अवकाश-काळाच्या एकूण घडणीबद्दलचा त्यावरचा सगळा युक्तिवाद त्यांचा, आणि मग हॉकिंग यांचा. रायचौधुरींनी किल्ली घडवली, कुलूप दुसऱ्यांनी ओळखलं. मोठेपणा दोघांचाही पुरेसा आहे, ओढाताण कशाला?

मला स्वतःला त्यांचा १९९८ चा पेपर जास्त हलवून जातो. १९९० मध्ये सेनोविया या स्पॅनिश शास्त्रज्ञाने असं एक विश्व कागदावर मांडून दाखवलं की ते फिरतही नाही आणि त्यात तो बिंदूही नाही. म्हणजे रायचौधुरींच्या निष्कर्षाला पळवाट. रायचौधुरी तेव्हा पंच्याहत्तरीला टेकलेले; त्यांनी दाखवून दिलं की अशा विश्वात घनता, दाब वगैरेंची सरासरी सगळ्या अवकाश-काळावर काढली तर शून्य भरते. थोडक्यात, ते विश्व आपलं नव्हे. चाळीस-बेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न, तीच धार.

गोव्याचा संबंध विचारला नाहीत, पण सांगतोच. गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८७ मध्ये गोव्यात भरली होती. मी तेव्हा एम. एस्सी.ला. वर्षाच्या सुरुवातीला राजभाषेचा कायदा, मे महिन्यात घटक राज्य. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. जगभरचे सापेक्षतावाले आमच्या दारात येऊन गेले आणि मला त्याचा पत्ता लागला तो काही वर्षांनी, ग्रंथालयात परिषदेच्या निबंधांचं पुस्तक हाती आलं तेव्हा. मुखपृष्ठावर ‘गोवा’ वाचून मी कपाळावर हात मारला.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी तर आपलेच. इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत, पण १९३३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते, आणि त्याच वर्षी वाटांच्या भूमितीवरचा त्यांचा निबंध जर्मन गणित-नियतकालिकात आला. वाटा ठाऊक आहेत, तर शेजारच्या वाटा एकमेकींपासून कशा दुरावतात यावरून खालची भूमिती ओळखता येईल का, असा त्याचा रोख. एली कार्तान यांनी त्याच खंडात त्याला जोडून टिपण लिहिलं. फुलांच्या रिंगणाचेच हे चुलतभाऊ.

तेव्हा तुमचा तिसरा प्रश्न. कोसंबी कॉलेजात, रायचौधुरी कॉलेजात आणि नंतर भलत्याच कामाच्या जोडीला. होतं, पण सोपं नव्हतं आणि आजही नाही. मी एकदा वरिष्ठांकडे असला विषय काढला तर उत्तर आलं, “पेपर तपासून झाले का?” झाले नव्हते. नंतर मीही फारसा हट्ट धरला नाही, यात दुसऱ्याचा दोष कमी.

तुमची अवस्था माझ्याहून बरी आहे. नवे पेपर आता आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आम्हाला एकेका झेरॉक्ससाठी मुंबईच्या ओळखी काढाव्या लागत. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था कॉलेज-विद्यापीठांच्या शिक्षकांना सहयोगी म्हणून घेते. सुटीत तिथं जाऊन राहता येतं, ग्रंथालय आणि बोलायला माणसं मिळतात. पणजीहून रात्रीची बस सकाळी पुण्यात. टेन्सरला, म्हणजे सापेक्षतेच्या अवघड गणिताला, घाबरत असाल तर आधी न्यूटनचंच गुरुत्वाकर्षण घेऊन हे समीकरण वाहत्या धुळीसाठी काढा. तीच पदं येतात, फक्त दाबाचं येत नाही. ते का येत नाही, यावर एक रविवार घालवा आणि काय सुचलं ते इथंच खाली लिहा.