दहावीला ९१ टक्के, पण बँकेत तोंड उघडेना

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, मुलगी स्टेट बोर्डाची, दहावीला ९१ टक्के, आणि बँकेत खातं उघडायला गेल्यावर तिला साधा फॉर्म भरता येईना, मॅनेजर काही विचारायचे की ही आईकडे बघायची. तुमचा प्रश्न असा की शाळेने दहा वर्षं शिकवलं तरी काय, आता सुट्टीत अठरा हजारांचा पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का, आणि अकरावीला सायन्स घ्यावं का.

क्लासचं आधी. नका लावू. तिथे पाठ केलेलं भाषण स्टेजवर म्हणायला शिकवतात, शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून व्हिडिओ काढतात, आणि सोमवारी पोरगी परत रिक्षावाल्याला "सुट्टे आहेत का" विचारायला लाजते.

आता शाळा. शाळेला हे गुण नको असतात असं अजिबात नाही हो, कागदावर तर नुसती रेलचेल आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्या विषयांतून रुजवायच्या गोष्टी, त्यावर श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता अशी दहा मूल्यं, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं, म्हणजे निर्णय घेणं, समस्या सोडवणं, स्वतःला ओळखणं, ताण सांभाळणं वगैरे. ओळखीत कोणी शिक्षक असतील तर त्यांची टाचणवही, म्हणजे पाठाची तयारी लिहायची वही, बघा एकदा, पाठाच्या नावाखाली "गाभाघटक: वैज्ञानिक दृष्टिकोन, मूल्य: नीटनेटकेपणा" असं लिहिलेलं सापडेल, आणि त्याच तासाला सर फळ्यावर उत्तर लिहून देतात आणि साठ पोरं ते उतरवून घेतात. सरांचाही दोष नाही पूर्ण, पोर्शन संपवायचा असतो.

मुलीचं मार्कशीट काढा. टक्क्यांत न धरलेले विषय दिसतील, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा, आरोग्य व शारीरिक शिक्षण, समोर नुसती ग्रेड. तिला विचारा स्वविकासच्या वहीत काय लिहिलं होतं आणि कोणाचं बघून लिहिलं होतं, खरं सांगेल ती. तोंडी परीक्षेची तीच गत. २०१९ ला शाळेच्या हातातले भाषा वगैरेचे २० मार्क काढून टाकले तर राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, लगेच ओरड झाली, मार्क परत दिले, २०२० ला निकाल ९५.३० (२०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, हेही धरा, पण तरी). म्हणजे बोलता येतं का हे बघायला ठेवलेले मार्क आपण सगळ्यांनी मिळून वाटून टाकले, पालकांसकट.

आणि ताई, रागावू नका, पण तुम्हीच लिहिलंय की मॅनेजरने तिला जन्मतारीख विचारली आणि ती तुम्ही सांगितलीत. ती गप्प बसली कारण तिला माहितीये की आई बोलणारच. अजून दहा सेकंद थांबला असतात तर ती बोलली असती बहुतेक, अडखळत का होईना.

म्हणून खरी कामं द्या तिला, खोटी नकोत. ते बँक खातंच घ्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते. ती मर्यादा किती हे तिने काउंटरवर जाऊन विचारायचं, तुम्ही बाहेर बाकावर बसा.

आणि सगळ्यात मोठं काम समोर आहेच, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म. आपल्याकडे बहुतेक घरी बाबा किंवा सायबर कॅफेवाला दादा भरतो, पोरं फक्त ओटीपी सांगतात. तो तिला भरू दे. भाग १ मधली माहिती कागद समोर ठेवून भरायची म्हणजे सोपंच. खरी मजा भाग २ मध्ये, कॉलेजांचा पसंतीक्रम. २०२५ पासून हे सगळ्या राज्यात ऑनलाइन झालं तेव्हा दहापर्यंत कॉलेजं टाकता येत होती, आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागायचं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. यंदाचा नियम तिलाच माहितीपुस्तिकेत शोधायला लावा. मग मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा, बसभाडं काढायचं, मैत्रीण जाते म्हणून एक नंबरला टाकायचं का ते ठरवायचं. जीवनकौशल्यांच्या यादीतलं "निर्णय घेणं" ते हेच की. क्रम चुकलाय असं वाटलं तर खोडू नका, "हे दोन नंबरला का टाकलंस" एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. लॉक करायच्या आधी एकदा बघा मात्र, तेवढं पालक म्हणून चालतं.

सायन्स घ्यावं का याचं उत्तर आत्ता देत नाही, कारण एवढ्या लांब पत्रात तिला काय आवडतं हे एका ओळीतही आलेलं नाही. शनिवारी दुपारी मी मोकळी असते, तिला फोन करायला सांगा. नंबर तुम्ही लावून देऊ नका.