डिजिटल लॉजिक शिकायला सुरुवातीला कोणतं मोफत सिम्युलेटर घ्यावं?

भाचा बडोद्याला डिप्लोमा करतोय आणि घरी जुना लॅपटॉप आहे म्हणता, तर सुरुवात सर्किटव्हर्सने करू द्या. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीतल्या विद्यार्थ्यांनी उभं केलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं.

फ्लिप-फ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारी सर्किटं), काउंटर (मोजणारी सर्किटं) सुरू झाले की मात्र हेल्मुट नीमन यांचं ‘डिजिटल’ नावाचं सिम्युलेटर घ्या. माझी खरी पसंती त्यालाच. ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट याचा तक्ता) भरलं की ते सर्किट काढून देतं, आणि ७४ मालिकेतले आयसी, म्हणजे लॉजिकच्या तयार चिपाही त्यात आहेत. म्हणजे ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या भोकांच्या पट्टीवर) वायरी खुपसण्याआधी तीच जोडणी पडद्यावर तपासता येते. फक्त त्यासाठी लॅपटॉपवर ‘जावा’ हे सॉफ्टवेअर लागतं.

लॉजिसिम हे असंच आणखी एक सिम्युलेटर, पण मूळ लॉजिसिमचं काम २०१४ मध्येच थांबलं; सरांनी तेच सांगितलं असेल तर त्याची पुढची आवृत्ती, लॉजिसिम-इव्होल्यूशन घ्या. आणि ट्रुथ टेबल आधी वहीत लिहायला लावाच.